अंधारपाळी

फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते.
पलीकडे कोवळा आवाज, अदबीचा, जरा घाबरलेला:
फ्राउ हाइनिश, तुम्ही कोटिंगला होतात ना?
होते, म्हटलं. एकतीस वर्षं.
मग कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली,
मुल्डे नदीवरचा फेस गेला, मासे परत आले,
आणि आम्ही बायका उजेडात आलो,
कुणालाच नको असलेल्या.

एक यंत्र म्हणे राहिलंय. सातव्या खोलीतलं, माझं.
सर्वांत छोटं, नमुन्यांपुरतं,
म्हणून भंगारवाल्यानं मोजलंच नव्हतं.
तिघं पोरं ते विकत घेऊन बसलीत,
त्यांना फिल्म करायचीय.
कशाला, मी विचारलं. फोनमध्ये सगळं निघतं की आता.
माझ्या नातवाचे चार हजार फोटो आहेत,
तो अजून चालतसुद्धा नाही.
ती म्हणाली, म्हणूनच.
मला काही ते पटलं नाही.
पण बटाटे पाण्यात टाकून गेले.

पोरं म्हणाली, आधी दिवे लावून दाखवतो.
म्हटलं नको, मग मला काहीच सापडणार नाही.

मॅन्युअल होतं त्यांच्याकडे, पान न् पान:
जिलेटिन किती अंशांवर, चांदी किती,
पट्टा मिनिटाला किती मीटर.
नव्हतं ते एवढंच,
की वळणावर शीळ घालायची, समोरची थांबते.
की डावा हात कायम भिंतीला.
की पट्टा नीट बसला म्हणजे यंत्र
झोपलेल्या माणसासारखं नाकातून वाजतं,
तोंडातून वाजलं तर थांबवा.
हे कोण लिहिणार? काळोखात कुणी वही नेत नाही.

स्वेन्या तिचं नाव. पंचविशीची.
पहिल्या दिवशी दार लागलं
आणि तिचा श्वास बदललेला मला ऐकू आला.
फोन बाहेर कपाटात, तरी हात खिशाशी जाऊन येत होता;
कापड घासतं, लपत नाही.
तिला मी गिझेलाचं सांगितलं.
आत आम्ही तिला सगळं बोलायचो:
नवरा, पोटातलं गेलं ते,
पक्षाच्या सभेत कोण कुणाविरुद्ध उठलं ते.
आणि कँटीनच्या उजेडात तीच गिझेला
मीठ दे, यापलीकडे बोलायची नाही.
पोरगी हसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात घडलं.
मनगटावरचं घड्याळ काढायचं राहून गेलेलं,
ते मध्येच उजळलं:
शाब्बास, आजची दहा हजार पावलं पूर्ण.
हिरवट उजेड, एका श्वासाएवढा.
चाळीस मीटर फिल्म गेली.
ती रडायला लागली, ऐकू येत होतं,
पण मी तिच्यापाशी नव्हते.
मी खोली बघत होते.

दुरुस्तीला दिवे लागायचे तेव्हा आम्हाला बाहेर काढत,
त्यामुळे कधी पाहिलीच नव्हती.
छत केवढं खाली!
मी तर चर्चएवढी उंची धरून चालले होते.
आणि भिंतीवर, कमरेच्या थोडं वर,
या टोकापासून त्या टोकापर्यंत
एक गुळगुळीत पट्टा, रंग उडालेला.
आमचे डावे हात.

मग पुन्हा काळोख.
रीळ बदल, म्हटलं. घड्याळ ठेवून ये.

ते चाळीस मीटर पोरांनी फेकले नाहीत.
धुक्याची फिल्म म्हणून अर्ध्या किमतीत विकले,
आणि लोकांनी घेतलेसुद्धा.
मला हे जग कळत नाही.

किती दिवस चालेल हो हे, ती मधूनच विचारते.
जिलेटिनवाला दर वाढवतो. तीनशे रोल लिस्बनला गेले,
दीडशे मांडणीवर पडून आहेत.
मला काय माहीत. मी त्र्याहत्तरची आहे,
उजवा गुडघा गेलाय,
आत तो कुणाला दिसत नाही एवढंच.

काल वळणापाशी आले,
ओठ जुळवले,
तेवढ्यात पलीकडूनच शीळ आली.
जरा बेसूर.
मी थांबले.